जाफना विद्यापीठ, ऑक्टोबर १९८७

आयपीकेएफ म्हटलं की आपल्याला राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारणारा श्रीलंकन नौसैनिक आठवतो, नाहीतर थेट १९९१. मधली अडीच वर्षं गायब! त्या काळात आपले हजाराच्या वर जवान तिथे गेले.

२९ जुलै १९८७ ला करार झाला आणि आपलं सैन्य शांतता राखायला श्रीलंकेत उतरलं. ऑक्टोबरमध्ये त्याच सैन्याला एलटीटीईशी लढायचा हुकूम मिळाला: ऑपरेशन पवन. सुरुवात कशी ठरली होती बघा. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री हेलिकॉप्टरनं थेट जाफना विद्यापीठाच्या मैदानावर उतरायचं, जवळच्या मुख्यालयात एलटीटीईचे नेते पकडायचे, खेळ खल्लास. आधी १० पॅरा कमांडो, मागोमाग १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे सुमारे ३६० जवान. कागदावर झकास! आम्ही सॉफ्टवेअरवाले ह्याला 'हॅपी पाथ' म्हणतो. सगळं मनासारखं घडलं तरच चालणारा प्रोग्रॅम.

एलटीटीईनं आपला वायरलेस आधीच ऐकला होता. ते मैदानाभोवती दबा धरून बसले होते. कमांडो उतरले. मेजर बिरेंद्र सिंगांसकट ३० शीख उतरले. गोळीबारात हेलिकॉप्टरांची अशी अवस्था झाली, की पुढच्या फेऱ्याच रद्द. ३६० च्या जागी ३०... आणि त्यांच्याशी वायरलेस संपर्कही तुटला.

शत्रूला कमी लेखलं, असं सगळेच म्हणतात. खरंय, पण ते अर्धंच उत्तर झालं. मला जास्त खटकतं ते हे: मागचे येणार म्हणून शिखांनी मैदान धरून ठेवायचं होतं. मागचे आलेच नाहीत तर काय, ह्याचं उत्तर त्या प्लॅनमध्ये कुठे दिसतच नाही. ज्यांनी प्लॅन केला त्यांना फेऱ्या थांबल्याचं कळलं होतं, आणि मैदानावर वाट बघणाऱ्यांना ते सांगायची सोय नव्हती.

कमांडो आसपासच्या घरांत शिरून तग धरून राहिले. त्यांना सोडवायला मेजर अनिल कौल टी-७२ रणगाडे घेऊन निघाले, तेही सरळ रेल्वेच्या रुळांवरून! रस्त्यांत सुरुंग होते, रुळांवर कोण रणगाडे आणणार?

शीख मात्र गोळ्या संपेपर्यंत लढले. ३० पैकी २९ मारले गेले. एकजण एलटीटीईच्या हाती जिवंत सापडला आणि पुढे सुटून आला. मैदानावर शेवटी काय झालं, ते त्याच्या तोंडून कळलं.