गुडघ्याचे लिगामेंट फाटले: सोबत आणखी काय दुखावले असेल?

उमापूर-गेवराई भागातला एखादा तरुण मोटारसायकलवरून घसरतो, कबड्डी खेळताना त्याचा पाय पिळवटतो, किंवा उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय निसटतो. गुडघा सुजतो, एमआरआय होतो आणि रिपोर्टमध्ये 'एसीएल फाटले आहे' असे येते. घरातल्या सगळ्यांचे लक्ष त्या एका ओळीवर खिळते. पण रिपोर्टमध्ये त्याखाली आणखी चार-पाच ओळी असतात, आणि ऑपरेशन लागेल का, किती लवकर लागेल, पाय किती दिवस टेकवायचा नाही, हे बऱ्याचदा त्या ओळींवरूनच ठरते.

गुडघ्यात चार मुख्य लिगामेंट असतात. आत फुलीसारखी दोन, पुढचे एसीएल आणि मागचे पीसीएल. आतल्या बाजूला एमसीएल, बाहेरच्या बाजूला एलसीएल. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना ही चार दोरखंडे बांधून ठेवतात. ज्या झटक्याने एक दोरखंड तुटते, तो झटका बाकीच्या रचनेलाही बसलेला असतो. म्हणून फक्त एकच लिगामेंट फाटले आणि बाकी सगळे शाबूत आहे, असा गुडघा तुलनेने कमी दिसतो.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे ऑलिंपिक धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीग शर्यतीत पडले. त्यांच्या एसीएलसोबत मेनिस्कसलाही इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. ही जोडी आम्हाला सर्वांत जास्त वेळा दिसते.

मेनिस्कस म्हणजे गादी

दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्या वजन पेलतात आणि हाडांवरच्या गुळगुळीत कूर्चेचे रक्षण करतात. एसीएल फाटलेल्या साधारण निम्म्या रुग्णांमध्ये यातली एखादी गादीही फाटलेली असते. ताज्या दुखापतीत बाहेरची गादी जास्त वेळा फाटते. जुन्या, दुर्लक्षित दुखापतीत आतली गादी जास्त वेळा फाटलेली सापडते.

हा फरक नीट लक्षात घ्या. लिगामेंट नसलेला गुडघा बांधावरून उतरताना, वळताना मध्येच 'सटकतो'. दर वेळी सटकताना आतली गादी चिमटली जाते. सूज उतरली, चालता येते, म्हणून उचल घेऊन थेट ऊसतोडीला गेलेला माणूस सहा महिन्यांनी परततो, तेव्हा पहिल्या एमआरआयमध्ये शाबूत असलेली गादी फाटलेली असू शकते. ऑपरेशन लगेच शक्य नसेल तर हरकत नाही. पण तोपर्यंत फिजिओथेरपी करा आणि ओझे घेऊन वळण्याचे, उड्या मारण्याचे काम टाळा.

गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला चांगला रक्तपुरवठा असतो. तिथली फाट शिवली तर जुळून येऊ शकते. आतल्या कडेची फाट सहसा जुळत नाही, म्हणून तेवढाच तुकडा काढावा लागतो. 'गादी काढून टाका, लवकर बरे वाटेल' असे म्हणू नका. शिवलेल्या गादीला काही आठवडे कुबड्या आणि मांडी न घालण्याचे पथ्य लागते, पण गादी वाचली तर पुढची झीज कमी होते.

गुडघा एका ठरावीक जागी अडकला असेल आणि सरळ होतच नसेल, तर फाटलेली गादी सांध्यात अडकलेली असू शकते. अशा वेळी महिनोन्‌महिने थांबू नका, काही दिवसांतच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

हाडाचा मार आणि फ्रॅक्चर

एमआरआयवर 'बोन ब्रूझ' दिसणे एसीएलच्या दुखापतीत फार सामान्य आहे. हे फ्रॅक्चर नव्हे, हाडाला आतून बसलेला मुका मार आहे. तो आपोआप भरतो, मात्र दुखणे काही महिने रेंगाळू शकते.

काही वेळा लिगामेंटच्या ओढीने हाडाचा छोटा कपचा निघतो. म्हणून एमआरआय काढायचा असला तरी आधी साधा एक्स-रे हवाच. मार लागल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल, किंवा वय ५५ च्या पुढे असेल तर एक्स-रे टाळू नका.

मोटारसायकलच्या अपघातात वाकलेल्या गुडघ्यावर समोरून मार बसला तर पीसीएल फाटते. तोच धक्का वर मांडीच्या हाडापर्यंत आणि खुब्यापर्यंत जातो. मांडीच्या फ्रॅक्चरच्या गडबडीत गुडघ्याचे लिगामेंट तपासायचे राहूनही जाते. रॉड बसवून हाड जुळले आणि तरीही चालताना गुडघा डगमगत असेल तर डॉक्टरांना ते स्वतःहून सांगा.

बाजूची लिगामेंट

एमसीएल बहुतेक वेळा पट्ट्यावर भरते. बाहेरच्या मागच्या कोपऱ्यातली इजा मात्र फसवी असते. ती लक्षात न घेता फक्त एसीएल नवे बसवले, तर नव्या लिगामेंटवर जादा ताण येऊन ते निकामी होऊ शकते.

इथे तास मोजायचे असतात

दोन किंवा अधिक लिगामेंट एकदम तुटली असतील तर गुडघा निखळला होता असे समजून चालावे. तो कधी कधी जागेवरच परत बसतो, एक्स-रे साधा दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण गुडघ्यामागून जाणारी मुख्य रक्तवाहिनी त्या वेळी ताणली किंवा फाटली असू शकते. रक्तपुरवठा सहा ते आठ तासांत सुरू झाला नाही तर पाय गमावण्याची वेळ येते.

पाऊल गार पडले, पांढरे किंवा निळसर दिसू लागले, बोटांना बधिरपणा आला, पोटरी दगडासारखी कडक झाली, यातले एकही लक्षण दिसले तर १०८ ला फोन करा. रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयात न्या. निघण्याआधी फोन करून ती सोय आहे का ते विचारा, कारण गेवराईहून बीड आणि तिथून पुन्हा छत्रपती संभाजीनगर अशा फेऱ्यांत हाताशी असलेले तास संपतात. पायाची नाडी सुरुवातीला लागली तरी ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते, म्हणून डॉक्टरांनी एक-दोन दिवस भरती राहायला सांगितले तर आग्रहाने घरी जाऊ नका.

पंजा वर उचलता येत नसेल, चालताना पाऊल लोंबत असेल, तर गुडघ्याच्या बाहेरून जाणारी नस दुखावली आहे. तिला सुधारायला महिने लागतात, आणि काहींमध्ये ती पूर्ण सुधारत नाही. पंजाला आधार देणारा पट्टा सुरुवातीपासून लावला तर घोटा आखडत नाही.

सुजलेल्या गुडघ्याला तेल लावून चोळणे किंवा ओढून 'बसवणे' टाळा. पाय फळीला किंवा उशीला सैलसर बांधून आधार द्या, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवा. दवाखान्यात गेल्यावर मार कोणत्या बाजूने लागला, आत 'कट' असा आवाज आला का आणि सूज किती तासांत आली, हे सांगा. पहिल्या काही तासांतच गुडघा टम्म फुगला असेल तर आत रक्त साचल्याची शक्यता जास्त असते.