दारावरचा दिवा

प्रत्येक घराला दोन प्रकारचे दिवे असतात. आंतले दिवे आपल्यासाठीं असतात. दारावरचा दिवा मात्र बहुतांशीं दुसऱ्यासाठीं असतो. पत्ता शोधीत आलेला पाहुणा, रात्रपाळीहून परतणारा शेजारी, पहाटेचा दूधवाला, किंवा ज्याचें नांवही आपणांस ठाऊक नाहीं असा एखादा वाटसरू, हे त्या दिव्याचे खरे धनी. आंतला दिवा विझला तर आपण लागलीच उठून दुसरा लावतों. दारावरचा विझला तर तो आठ आठ दिवस तसाच राहतो. कारण त्या अंधारांत ठेंचाळणारे पाय सहसा आपले नसतात.

हल्लीं पुष्कळ गृहस्थ सुटीच्या दिवशीं स्टुलावर चढून हा दिवा, त्याच्या गंजलेल्या कोंदणासकट, स्वतःच्या हातांनीं बदलूं लागले आहेत. चार स्क्रू, तीन तारा आणि अर्ध्या तासाची खटपट, एवढेंच तें काम. परंतु या अर्ध्या तासामागें सहाशें वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो ध्यानांत घेतला तर तें काम अधिक डोळसपणें होईल. त्या इतिहासाविषयींच आज आपणांशीं चार शब्द बोलणार आहें.

दिवा घराबाहेर टांगला कीं एक पेंच उत्पन्न होतो. ज्योतीला हवा लागते. पण तीच हवा वारा होऊन आली तर ज्योत विझते. धूर बाहेर जाऊं द्यावा लागतो. पण ज्या वाटेनें धूर जातो त्याच वाटेनें पाऊस आंत येतो. हवा घ्यावी पण वारा नको, धूर सोडावा पण पाणी नको, हें साधणारें घर ज्योतीला बांधून देणें, म्हणजेच दारावरच्या दिव्याचा सारा इतिहास होय.

लंडनचा जुना इतिहासकार जॉन स्टो यानें लिहून ठेविलें आहे कीं, १४१७ सालीं त्या शहराचा मेयर हेन्री बार्टन यानें नोव्हेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत हिवाळ्याच्या संध्याकाळीं लोकांनीं दाराबाहेर कंदील टांगावे असा हुकूम काढला. आंत मेणबत्ती किंवा चरबीची बत्ती, आणि भोंवतीं कांचेऐवजीं बहुधा जनावराच्या शिंगाचे तासून पातळ केलेले पापुद्रे, असे ते कंदील असत. त्यांचा उजेड अर्थातच मंद पडे. पण या हुकमांतील तत्त्व लक्षांत घेण्याजोगें आहे. रस्ता सर्वांचा, पण त्यावर उजेड पाडण्याचें कर्तव्य मात्र ज्याच्या त्याच्या दाराचें! शहराच्या तिजोरींतून दिवे लागण्यास अद्याप पुष्कळ अवकाश होता.

केवळ हुकमावर चालणारें कर्तव्य किती टिकतें, तें आपण जाणतोंच. १६८० नंतरच्या दशकांत एडवर्ड हेमिंग नांवाच्या एका उद्योगी माणसानें लंडन उजळण्याचा मक्ता राजाकडून मिळविला. बेत असा कीं, चांदणें नसलेल्या रात्रीं, हिवाळ्याच्या दिवसांत, सायंकाळीं सहापासून मध्यरात्रीपर्यंत दर दहाव्या दारापुढें एक दिवा जळावा. आज आपणांस हें हास्यास्पद वाटेल. पण ज्या शहरांत त्यापूर्वीं रात्र म्हणजे निबिड काळोख होता, तेथें दर दहा दारांमागें एक दिवा ही क्रांतीच होती.

या पेंचाचें चांगलें उत्तर मात्र लंडनच्या आधींच आम्स्टरडॅम शहरानें शोधलें होतें, आणि तें शोधणारा मनुष्य होता चित्रकार! यान व्हॅन देर हाइडेन हा तेथील घरें, पूल आणि कालवे यांचीं बारीक कलाकुसरीचीं चित्रें काढण्यांत प्रसिद्ध होता. त्या शहरांत कालवे जागोजाग असल्यामुळें काळोख्या रात्रीं पाय घसरून माणसें पाण्यांत पडत. हाइडेननें धातूचा सांगाडा व कांचा यांचा एक तेलाचा कंदील तयार केला. त्याचीं छिद्रें अशा बेतानें ठेविलीं होतीं कीं, हवा आंत खेळावी, धूर निघून जावा, पण वाऱ्याचा झोत ज्योतीपर्यंत पोंचूं नये. १६६९ सालीं शहरानें त्याची योजना मान्य केली आणि दिव्यांचा कारभार त्याच्याकडेच सोंपविला. पुढें १६७२ सालीं आग विझविण्याच्या बंबाला लवचीक नळी जोडून त्यानें दुसरा मोठा शोध लावला. ज्या हातांनीं शहराला दिवा दिला, त्याच हातांनीं आगीवरचा उपायही द्यावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

आतां अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराकडे वळूं. अठराव्या शतकाच्या मध्यास तेथें जॉन क्लिफ्टन नांवाचा एक खाजगी गृहस्थ राहत होता. त्यानें कोणाच्याही हुकमाशिवाय आपल्या दारावर एक दिवा लावला. येणाऱ्याजाणाऱ्यांनीं तो पाहिला, त्याची सोय अनुभविली, आणि मग सगळें शहरच उजळावें अशी कल्पना लोकांच्या मनांत रुजली. पुढें या कार्याचें श्रेय लोक बेंजामिन फ्रँकलिनला देऊं लागले. पण फ्रँकलिननें आत्मचरित्रांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, तो मान आपला नसून क्लिफ्टनचा आहे. आपण केली ती फक्त दिव्याच्या आकारांतील सुधारणा.

पण ही सुधारणाही लहान नव्हती. त्या वेळीं लंडनहून कांचेचे गोल दिवे येत. त्यांत खालून हवा शिरत नसे, म्हणून धूर वर न चढतां गोळ्यांतच घुटमळे. थोड्याच तासांत कांच काजळून जाई. रोज ती पुसावी लागे, आणि चुकून एक धक्का लागला कीं सबंध गोळ्याचा चुराडा होई. फ्रँकलिननें चार सपाट कांचांचा दिवा सुचविला. वर धूर ओढून नेणारें उंच धुरांडें आणि खालीं हवेसाठीं फटी. कांच सकाळपर्यंत स्वच्छ राही; फुटलीच तर एकच कांच फुटे, आणि ती सहज बदलतां येई.

यांत मौज अशी कीं, लंडनच्याच व्हॉक्सहॉल बागेंतील गोल दिव्यांना खालीं छिद्रें होतीं, आणि तेथील कांचा स्वच्छ राहत. पण तीं छिद्रें पाडलीं होतीं वेगळ्याच हेतूनें. त्यांतून लोंबणाऱ्या तंतूंच्या योगें सगळे दिवे झटपट पेटवितां यावे, एवढाच तो हेतु. हवा आंत येणें हा अनायासें झालेला लाभ. म्हणून तो कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. उत्तर डोळ्यांसमोर टांगलेलें असावें आणि तें कोणास दिसूं नये, असें इतिहासांत अनेकदां घडतें.

यानंतर ज्योतीचें अन्नच बदललें. १७९२ सालीं विल्यम मर्डॉक यानें कॉर्नवॉलमधील रेडरूथ येथें कोळशाच्या वायूनें स्वतःचें घर उजळलें, आणि १८०७ सालीं लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर वायूचे दिवे लागले. आपल्या मुंबईंत हे वायूचे दिवे १८६५ सालीं आले. १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटांत, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईंत, विजेचे दिवे चमकले; पण ते पुरविणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडई पुन्हा वायूच्या दिव्यांकडे वळली. १९०५ सालीं शहराला वीज व ट्राम पुरविण्यासाठीं नवी कंपनी स्थापन झाली, तेव्हां कोठें मुंबईंत विजेचा पाय स्थिर झाला.

स्वान आणि एडिसन यांच्या विजेच्या दिव्यांत तार तापून प्रकाश देई, आणि ती जळून जाऊं नये म्हणून फुग्यांतील हवा काढून टाकलेली असे. म्हणजे ज्या हवेसाठीं हाइडेन आणि फ्रँकलिन यांनीं एवढी यातायात केली, ती आतां नकोशी झाली! धूर नाहीं, काजळी नाहीं, वाऱ्याचें भय नाहीं. उरला एकटा पाऊस. त्याबरोबर एक नवें भय मात्र दाराशीं आलें. तेलाचा दिवा जळत आहे कीं विझला, हें लहान मुलालाही दिसे. तारेंत वीज आहे कीं नाहीं, हें डोळ्यांना दिसत नाहीं.

मीं स्वतः दारावरचा दिवा बदलावयास घेतला तेव्हां हें मला चांगलेंच समजलें. बटण बंद केलें, दिवा विझला, आणि मी निर्धास्तपणें स्टुलावर चढलों. सहज म्हणून तारेला टेस्टर लावला, तों तो चमकला! पूर्वीं कोणा तारतंत्र्यानें बटण फेजच्या तारेवर न बसवितां न्यूट्रलवर बसविलें होतें. दिवा विझला होता, पण वीज तेथेंच दबा धरून होती. म्हणून सांगतों, केवळ बटणावर विसंबूं नका. मेन स्विच बंद करा. टेस्टर आधीं चालू तारेवर पारखून घ्या, आणि मग प्रत्येक तारेला लावून खात्री करा. लाल, पिंवळी वा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची, असा संकेत आहे. पण जुन्या घरांत रंगावर विश्वास ठेवूं नये. दिव्याचें कोंदण धातूचें असेल तर त्याला हिरवी तार जोडल्यावांचून काम संपलें असें समजूं नये. भिंतींतून तारा कुजलेल्या निघाल्या तर जाणत्या तारतंत्र्यास बोलावण्यांत कमीपणा नाहीं.

पावसाचीही तजवीज हवी. बाहेरच्या दिव्यावर आय.पी. अशीं अक्षरें व पुढें दोन अंक असतात. पहिला अंक धुळीपासून, दुसरा पाण्यापासून किती संरक्षण आहे तें सांगतो. पागोळीखालच्या दिव्यास ४४ पुरे. उघड्यावर, पावसाच्या माऱ्यांत, ६५ असलेला बरा. तार खालच्या बाजूनें, किंचित् झोळ देऊन आंत घ्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारें पाणी दिव्यांत न शिरतां खालीं ठिबकतें.

आणि येथें इतिहास पुन्हा वळसा घेऊन पहिल्या जागीं येतो. आजचा एल.ई.डी. दिवा धूर सोडीत नाहीं, पण त्याच्या बुडाशीं उष्णता सांचते. चहूंकडून बंद केलेल्या कांचेंत तो कोंडला कीं त्याचें आयुष्य घटतें. पाणी आंत येऊं नये, पण ऊब बाहेर जावी, हा पेंच नवा नाहीं. फ्रँकलिनच्या दिव्याचाच तो वंशज आहे. म्हणून ज्याची पाठ धातूची असून उष्णता भिंतीकडे व हवेंत सोडते, असें कोंदण निवडावें.

शेवटीं एकच गोष्ट. क्लिफ्टनचा दिवा मंद होता. त्याच्यापुढें आपले दिवे सूर्य आहेत. पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपविणारा दिवा त्याला वाट दाखवीत नाहीं, उलट पायरी लपवितो. दिव्याचें तोंड खालीं असावें, उजेड उंबरठ्यावर व पायऱ्यांवर पडावा, शेजाऱ्याच्या खिडकींत जाऊं नये. निळसर पांढऱ्या उजेडापेक्षां पिंवळसर उजेडाकडे किडे कमी येतात, हाही एक फायदा. स्टुलावरून खालीं उतरलां कीं एकदां फाटकाबाहेर जा, आणि अनोळखी पाहुण्याच्या डोळ्यांनीं आपल्या दाराकडे पाहा. पायरी स्पष्ट दिसली, तर काम झालें.