का विकताय?

पुण्यात पहिल्यांदा स्वतंत्र फ्लॅट भाड्यानं घेतला, तेव्हा वॉशिंग मशीन जुनंच घ्यायचं ठरवलं. एका संकेतस्थळावर जाहिरात दिसली. फ्रंट लोड, दोन वर्षं वापरलेलं, सात हजार. विकणारा हिंदीत म्हणाला, ‘सर, आर्मी में हूँ, पोस्टिंग आ गयी है.’ सोबत गणवेशातला फोटो आणि कँटीन कार्डाचा फोटो. सामान छावणीबाहेर काढायचं तर गाडीभाडं आधी भरावं लागतं म्हणाला. मी अडीच हजार पाठवले. मग ‘परत मिळणारी’ अनामत म्हणून आणखी दीड हजार मागितले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हाच प्रकार, कँटीन कार्डासकट, अनेकांच्या बाबतीत घडून वर्तमानपत्रांत छापून आलेला होता. मी तो वाचला नव्हता, इतकंच.

पैशांपेक्षा एक प्रश्न मला जास्त छळत राहिला. ठगाला सैनिकच का व्हावंसं वाटलं? डॉक्टर का नाही, बँकेतला अधिकारी का नाही? गणवेशाबद्दलचा आदर हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं ‘पोस्टिंग’ या शब्दात आहे.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध छापला. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. पुढे २००१ साली त्याला नोबेल मिळालं त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. म्हणणं साधं आहे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. घेणारा फसण्याच्या भीतीनं बेताचीच किंमत देतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, रद्दी गाडीवाला मात्र आनंदानं होतो. म्हणून बाजारात आलेली वस्तू बाजारात आली आहे एवढ्यावरूनच संशयास्पद ठरते. त्या निबंधात भारतही आहे: बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे वेचणाऱ्या इथल्या गृहिणी. आपल्या आज्या सुपात तांदूळ घेऊन जे करत होत्या, ते अर्थशास्त्रात असं नोंदलं गेलं.

तर घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘चांगलं आहे तर विकताय का?’ याला एकच निर्धोक उत्तर असतं: विकण्याचं कारण वस्तूत नाही, माझ्या आयुष्यात आहे. मी चाललोय.

हे उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे. कंपनीच्या काळापासून बदली झालेला किंवा विलायतेला परत निघालेला साहेब आपलं घरसामान लिलावात काढत असे. बोटीतून सगळं नेणं परवडत नसे आणि मागं नवा साहेब येतच असे. पलटणीतला अधिकारी मेला तर त्याच्या वस्तू त्याचेच सहकारी लिलावात घेत आणि पैसे त्याच्या घरी पाठवले जात. (‘लिलाव’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, म्हणजे मराठी माणूस हा प्रकार इंग्रजांच्या आधीपासून पाहत होता.) असल्या विक्रीत घेणाऱ्याला माहीत असायचं की वस्तू बिघडली म्हणून नव्हे, मालक चालला म्हणून विकली जातेय.

पुढे तेच वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत आलं. तिथं शब्दाशब्दाला पैसे पडत. तरीही लोक फ्रिजचं वर्णन आखडतं घेऊन ‘बदलीमुळे’ किंवा ‘परदेशी जात असल्याने’ हे शब्द विकत घेत. खर्च वाया जात नसे. गॅरंटीकार्डाचं काम तो एक शब्द करायचा. मात्र तेव्हा त्या शब्दाची तपासणी होई. फ्रिज घ्यायला घरी जावं लागे, आणि घरात बांधलेली खोकी दिसत किंवा दिसत नसत. माझ्या ठगानं शब्द तेवढा उचलला, खोकी वगळली.

दुसरी खात्री जागेची असे. इंग्लंडच्या कायद्यात एक चमत्कारिक नियम शतकानुशतकं होता: ठरावीक खुल्या बाजारात, दिवसाउजेडी, प्रामाणिकपणे विकत घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी ती घेणाऱ्याची होई. उघड्यावर विकली, मूळ मालकाला येऊन शोधायची संधी होती, असा त्यामागचा विचार. आपल्या १९३०च्या मालविक्री कायद्यानं ही सवलत घेतली नाही. कलम २७ म्हणतं, ज्याची मालकीच नाही तो दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात घ्या की मुंबईच्या चोरबाजारात, चोरीचा मिक्सर मूळ मालकाचाच राहतो. म्हणून बिल मागायचं आणि त्यावरचा सिरियल नंबर यंत्रामागच्या पट्टीवरच्या नंबराशी जुळवायचा.

इंग्लंडनंही तो नियम जानेवारी १९९५ मध्ये रद्द केला. त्याच वर्षी अमेरिकेत क्रेगलिस्ट आणि ईबे सुरू झाले. योगायोगच, पण बोलका. बाजाराच्या जागेला असलेला मान गेला आणि जागाच नसलेला बाजार आला. वर्तमानपत्राच्या खिडकीवर जाहिरात द्यायला निदान माणूस जात असे. आता जाहिरात फुकट, आणि खोटं कारणही फुकट. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पैसे न भेटता क्षणात जाऊ लागले. पिन पैसे पाठवण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही; एवढं न कळल्यानं ‘पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करा’ म्हणणाऱ्यांनी विकणाऱ्यांनाही लुटलं. ई-कॉमर्सचे २०२० चे नियमही धंदा म्हणून नव्हे तर घरातली एखादी वस्तू विकणाऱ्याला लागू नाहीत. म्हणजे सूप पुन्हा आपल्याच हातात.

शेवटी मी फ्रिज घेतला तो शेजारच्या इमारतीतल्या काकूंकडून. आदल्या रात्री तो बंद ठेवायला सांगितला होता, कारण आधीच गार केलेला फ्रिज सगळेच दाखवतात. मागं हात लावून कॉम्प्रेसर थंड असल्याचं पाहिलं, मग चालू करून अर्धा तास बसलो. दारात दहाची नोट अडकवून ओढली. रबरानं धरून ठेवली. स्टारच्या लेबलावर तारे किती यापेक्षा साल कुठलं ते वाचलं, कारण निकष दर काही वर्षांनी कडक होतात आणि जुने पाच तारे आजचे पाच नसतात. मागच्या पट्टीवर आर-६००ए असं लिहिलं होतं. हा वायू पेट घेणारा, त्यामुळे पुढे गॅस भरायची वेळ आली तर माहीतगार मेकॅनिकच हवा, हे डायरीत टिपून ठेवलं.

आणि विचारलं, ‘काकू, का विकताय?’

बदली नाही, परदेश नाही. काकू म्हणाल्या, ‘अरे, रात्री घरघरतो. यांना झोप लागत नाही. तुझं स्वयंपाकघर लांब आहे ना बेडरूमपासून?’

लांब नव्हतं. मी पाचशे कमी करून घेतले आणि फ्रिज उभाच्या उभा, आडवा न करता, दोघांच्या मदतीनं घरी आणला. तीन-चार तास तसाच ठेवला, मग चालू केला. घरघरतो खरा.