तराजूला न कळणारं पाणी

कारंजा लाड म्हटलं की अनेकांना श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आठवतं. आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना मात्र बाजारही आठवतो. १८५३च्या तहानंतर वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढे हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशानं १८८६ मध्ये कारंज्यात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला हा पहिला नियंत्रित बाजार मानतात. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाही झाला. विलायतेच्या गिरण्यांना चोख कापूस हवा होता, हे खरंच. पण त्या निमित्तानं बाजाराला शिस्त लागू लागली.

तराजूला मात्र एक गोष्ट कळत नाही. तो दाण्याबरोबर पाणीही तोलतो. माझे आजोबा पोत्यात हात खुपसून ज्वारीचा दाणा काढत आणि दाताखाली धरत. कट्ट वाजला की माल वाळला. अडत्याही तेच करी. पण त्याच्या दाताला दाणा नेहमी ओलाच लागे! मग कटती. दाताविरुद्ध दाद कुठं मागणार?

आज ओलावा मोजायला यंत्र आहे. हमीभावाच्या खरेदीत मक्याला १४ टक्के ओलाव्याची मर्यादा आहे. हिशेब करून पाहा. २० टक्के ओलाव्याचा क्विंटलभर मका १४ टक्क्यांपर्यंत वाळवला, तर सुमारे ९३ किलो उरतो. हे सात किलो पाणी काढायचं कुणी, हाच खरा प्रश्न. परतीच्या पावसात खळ्यावर ताडपत्री घेऊन धावणाऱ्याला तो नीट ठाऊक आहे. माल ओला राहिला तर बुरशी येते, अफ्लाटॉक्सिनसारखं विष तयार होतं.

याचं एक उत्तर बियाण्यातच आहे. मक्याचा दाणा पक्व झाला की त्याच्या बुडाशी काळा थर धरतो. त्या वेळी दाण्यात तीस ते पस्तीस टक्के पाणी असतं. ते किती लवकर उडेल, हे हवामानाइतकंच वाणावरही ठरतं: कणसावरची पानं किती आणि किती घट्ट, दाण्याची साल किती जाड. म्हणून पैदासकार आता उत्पन्नाबरोबर वाळण्याचा वेगही तपासतात.

बियाणं घेताना आपण विचारतो, एकरी किती पोती होतील? मी अलीकडे आणखी एक विचारतो, वाळायला किती दिवस लागतील? आजोबांची कटती मला अजून विसरता आलेली नाही.