कलहप्रिय माशाचें घरटें

काचेच्या पेटींत मासे पाळण्याचा छंद आज घरोघर दिसतो. पण त्याचें वय फारसें मोठें नाहीं. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं सोनमासे, पाणवनस्पति आणि गोगलगायी एकत्र ठेवून, पाणी न बदलतांहि हा लहानसा संसार चालूं शकतो, असें दाखवून दिलें. मात्र सोनमासा पडला गरीब स्वभावाचा. भांडखोर माशाशीं युरोपांतील हौशी लोकांची गांठ पडली ती त्यानंतर सुमारें वीस वर्षांनीं, पॅरिस शहरांत.

हा मासा म्हणजे ‘पॅराडाइज फिश’. आपण त्याला स्वर्गमत्स्य म्हणूं. नांव स्वर्गाचें, वृत्ति मात्र रणांगणाची! दक्षिण चीन, तैवान व उत्तर व्हिएतनाम येथील ओढे आणि भातखाचरें हें त्याचें माहेर. अंगावर निळे-तांबडे पट्टे, लांबट पर, दुभंगलेली शेपटी. १८६९ सालीं तो चीनमधून पॅरिसला आला. सुएझचा कालवा त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत खुला झाला. हे मासे त्यापूर्वींच पोंचले होते. इतका लांबचा प्रवास त्यांना कसा सोसला? या माशाच्या कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखी गुंतागुंतीची एक इंद्रियरचना असते. तिच्या योगानें तो पाण्यावर तोंड काढून सरळ हवाच घेतो. इतर मासे जेथें गुदमरतील, अशा पाण्यांतहि तो तग धरतो.

पिएर कार्बोनिए या मत्स्यसंवर्धकानें त्यांची जोपासना केली. विणीच्या दिवसांत नर परस्परांशीं झुंजत आणि मादीपुढें मोराप्रमाणें आपले रंगीत पर पसरीत. मग नरानें तोंडांतून हवा व लाळ सोडून पाण्याच्या पृष्ठभागावर फेसाची एक चकती तयार केली. मादीनें अंडीं टाकलीं. आणि नर तीं भराभर तोंडांत घेऊं लागला! कार्बोनिए घाबरला. इतक्या दुरून आणलेल्या जीवांची पहिली संतति बापाच्याच पोटांत जाणार, असें त्याला वाटलें. पण थोड्याच वेळांत नरानें तीं अंडीं फेसांत नेऊन ठेवलीं. पुढें तो पहारा करी, फेस विरला कीं पुन्हां भरी आणि पिलें बाहेर आल्यावर त्यांचीहि निगा राखी. जुलै १८६९ व जानेवारी १८७० मध्यें ही हकीकत पॅरिसमधील एका नियतकालिकांत प्रसिद्ध झाली, आणि डार्विननें मनुष्याच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथांत ती नमूद केली. घरच्या पेटीजवळ बसून केलेल्या निरीक्षणाला एवढा मान क्वचितच लाभतो.

आजहि हा मासा पाळणाराला हीच हकीकत उपयोगी पडते. लहान पेटींत दोन नर ठेवूं नयेत; एकमेकांचे पर फाडल्याखेरीज ते राहत नाहींत. मादीला लपण्यास दाट पाणवनस्पति हव्यात. आणि अंडीं टाकून होतांच तिला दुसरीकडे हलवावें, कारण पहारेकरी झालेला नर तिलाहि शत्रु मानतो. १६ अंश सेंटिग्रेडपर्यंतचा गारवा तो सोसतो. तो चांगली उडी मारतो, म्हणून पेटीवर झांकण असावें. परंतु झांकण आणि पाणी यांच्यामध्यें हवेसाठीं जागा सोडावी. मासा बुडून मेला, हें वाक्य विनोदी वाटेल. पण पाण्यावर तोंड काढतां आलें नाहीं, तर या माशाच्या बाबतींत तें शब्दशः खरें ठरतें.

पिलें मोकळेपणें पोहूं लागलीं कीं बापाचें काम संपतें. कार्बोनिएला जी भीति वाटली होती, ती आतां मात्र खरी होऊं शकते: भुकेला नर स्वतःच्याच पिलांना भक्ष्य समजूं लागतो. तेव्हां त्यालाहि अलगद जाळ्यांत धरून निराळ्या पेटींत सोडावें.