परिसर हेच पाठ्यसाधन : बिद्रीच्या शिवारातील कृतिपाठ

कोल्हापूर-गारगोटी मार्गावरील बिद्री हे गाव राज्याला परिचित आहे ते तेथील श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. कागल तालुक्याच्या या भागात ऊस, गूळ, नदी आणि सहकार या चार गोष्टी मुलांच्या रोजच्या पाहण्यातल्या. शाळेच्या दारापर्यंत त्या येतात. पण फळ्यावर मात्र बहुधा पाठ्यपुस्तकातील तयार उदाहरणेच उतरतात. दुसरीकडे, शहरी शाळांत 'कृतियुक्त शिक्षण' म्हणजे प्रदर्शनाच्या आदल्या रात्री पालकांनी जागून केलेली प्रतिकृती, असा समज रूढ झाला आहे. या दोन्हींत मुलाच्या हाताला आणि विचाराला फारसे काम मिळत नाही.

कृतिपाठ ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. मुलाने आधी अंदाज करावा, मग मोजावे आणि अंदाज चुकल्यास तो का चुकला याचा शोध घ्यावा. ज्या कृतीत अंदाज चुकण्याची शक्यताच नाही, ती हस्तकला असू शकेल; पाठ नव्हे. त्यासाठी वहीत 'अंदाज', 'माप' आणि 'फरक' असे तीन रकाने आखले की साहित्याची निम्मी तयारी झाली.

परंपरा जवळचीच

हाताने काम करीत शिकण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीमची मांडणी केली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' हा शालेय शिक्षणाचा भाग असावा अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. बिद्रीच्या दक्षिणेस असलेल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. कोल्हापूर शहरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांचे अनुभव हाच अभ्यासक्रमाचा पाया मानला.

पुढील पाठ साधारणपणे चौथी ते आठवीच्या वर्गांसाठी आहेत. प्रत्येकास दोन ते तीन तासिका पुरतात.

गणित : एक गुंठा किती मोठा?

ऊस उत्पादकाच्या घरात 'गुंठा' हा शब्द रोज उच्चारला जातो; पण तो डोळ्यांसमोर उभा असतोच असे नाही. मैदानावर प्रथम मुलांनी अंदाजाने एक गुंठ्याचे चार कोपरे धरून उभे राहावे. मग ३३ फूट दोरीने प्रत्यक्ष चौरस आखावा. काटकोनासाठी ३, ४ आणि ५ फूट बाजूंचा दोरीचा त्रिकोण वापरावा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

खरा प्रश्न यानंतरचा : बाजू दुप्पट, म्हणजे ६६ फूट केली तर किती गुंठे? 'दोन' हे उत्तर हमखास येते. तेव्हा फळ्याकडे न वळता मुलांना दोरी धरून मोठा चौरस आखू द्यावा. त्यात पहिल्या मापाचे चार चौरस बसतात, हे त्यांना उभे राहून दिसते. पुढे तीन फुटी सरीप्रमाणे एका गुंठ्यात ११ सऱ्या बसतात. चार फुटी सरीप्रमाणे आठ बसून एक फूट उरतो. भागाकारातील 'बाकी' म्हणजे काय, हे त्या उरलेल्या फुटावर उभे राहिले की वेगळे सांगावे लागत नाही.

विज्ञान : तोडलेल्या उसाचे वजन

एकाच उसाची शक्य तितक्या सारख्या वजनाची तीन कांडी घ्यावीत. एक तसेच ठेवावे, दुसऱ्याची दोन्ही टोके मेणाने बंद करावीत आणि तिसरे शिक्षकांनी उभे चिरून द्यावे. तिन्ही एकाच ठिकाणी उन्हात ठेवून दहा दिवस रोज ठरावीक वेळी स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करावे आणि आलेख काढावा. कोणते कांडे सर्वांत आधी हलके होईल, याचा अंदाज पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा.

बाष्पीभवन, पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आणि उसाची साल यांचा संबंध येथे उलगडतो. शिवाय हा प्रश्न घरच्या हिशेबाचा आहे. उसाचे बिल वजनावर निघते. तोड झालेला ऊस फडात वा गाडीत जितका जास्त वेळ पडून राहील, तितके वजन घटते. त्यातील साखरही कमी होत जाते. काही दिवसांनी कांड्याच्या टोकाला येणारा आंबूस वास हीदेखील नोंदच. मात्र या प्रयोगातील ऊस खाऊ नये, अशी सूचना आधीच द्यावी.

भाषा : वर्गाचा शब्दकोश

लावण, खोडवा, निडवा, सरी, पाचट, वाढे, मोळी, चिपाड, काहील, काकवी, गुळव्या. हे शब्द मुलांना ठाऊक असतात. पण त्यांची व्याख्या लिहायला सांगितली की लेखणी अडखळते. 'खोडवा' म्हणजे काय, हे ऊस कधीच न पाहिलेल्या मुलाला दोन वाक्यांत कसे सांगाल? प्रत्येक गटाने दहा शब्द घेऊन लिंग, अनेकवचन, व्याख्या आणि वाक्यात उपयोग लिहावा. व्याख्या दुसऱ्या गटाने वाचून शब्द ओळखायचा. ओळखता आला नाही तर व्याख्या सुधारायची. शेवटी सर्व शब्द वर्णानुक्रमे लावावेत.

या पाठाचा आणखी एक उपयोग आहे. गळीत हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात येतात. त्यांची मुले वर्गात आली तरी धडा मध्येच सुरू झालेला असल्याने ती मागच्या बाकावर गप्प बसतात. त्यांच्यासाठी साखरशाळांचे प्रयोग झाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूदही केली. पण प्रवेश मिळाला म्हणजे वर्गात स्थान मिळालेच, असे नाही. शब्दकोशात 'आमच्याकडे' आणि 'तुमच्याकडे' असे दोन रकाने ठेवले, तर एकाच वस्तूचे वेगळे नाव सांगणारे मूल वर्गाचा माहीतगार ठरते. बोलीतील शब्द 'चूक' म्हणून खोडण्याचा मोह शिक्षकाने येथे टाळायलाच हवा.

भूगोल : पाऊस मोजणे

सरळ बाजूंचे, सपाट तळाचे पारदर्शक भांडे आणि मिलिमीटरची पट्टी एवढ्यात पर्जन्यमापक तयार होतो. तो झाडे व छतापासून दूर ठेवून रोज एकाच वेळी नोंद घ्यावी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा. म्हणजे १० मिलिमीटर पावसात एका गुंठ्यावर सुमारे एक हजार लिटर पाणी पडते. हा आकडा सांगण्यापूर्वी मुलांकडून 'किती घागरी?' असा अंदाज घ्यावा.

कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेच्या गगनबावड्याकडून पूर्वेच्या शिरोळकडे जाताना पाऊस झपाट्याने घटतो. पश्चिम, मध्य आणि पूर्व भागांतील तीन शाळांनी आपल्या नोंदी एकमेकींना कळविल्या, तर 'पर्जन्यछाया' ही संज्ञा मुलांच्याच आकड्यांतून सिद्ध होते. २०१९ आणि २०२१ चे महापूर अनुभवलेल्या जिल्ह्यात या नोंदवहीचे मोल अभ्यासापुरते राहत नाही.

इतिहास व नागरिकशास्त्र

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला. त्याचा पुढील प्रवास शाळेच्या कपाटातच असतो. जुन्या जनरल रजिस्टरमधून मुख्याध्यापकांच्या संमतीने शिक्षकांनी केवळ प्रवेशाचे वर्ष आणि मुलगा की मुलगी एवढेच उतरवून द्यावे. नावे व जाती वर्गात आणू नयेत. दशकवार आलेख काढण्यापूर्वी प्रश्न असा : मुलींची संख्या मुलांच्या निम्मी कोणत्या दशकात झाली असेल?

सहकारासाठी वर्गाचे वह्या-पेन्सिलींचे भांडार काढावे. दहा रुपयांचा एक भाग. कोणी एक घेईल, कोणी पाच. मग पाच भाग घेणाऱ्याला पाच मते असावीत काय, यावर सभा घ्यावी. वाद पुरेसा झाल्यावरच महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व सांगावे. इतिवृत्त लिहिणे, हिशेब वाचून दाखवणे आणि नफ्याचे काय करायचे हे ठरवणे, ही कामे दर महिन्याला वेगळ्या मुलांकडे असावीत.

काही पथ्ये

गुऱ्हाळाला भेट दिल्यास चरक आणि उकळत्या काहिलीपासून मुलांना दूरच ठेवावे. पाहणे आणि गुळव्याला प्रश्न विचारणे एवढेच काम. कोयता हाताळू देऊ नये. पाच-सहा मुलांचा गट असावा आणि मोजणारा, नोंद ठेवणारा, सांगणारा ही कामे आलटून पालटून द्यावीत. एरवी हुशार मूल मोजते आणि उरलेले पाहत राहतात. गुण द्यायचे तर अंदाज बरोबर आला म्हणून देऊ नयेत. तसे केल्यास मुले आधी मोजतील आणि मग 'अंदाज' लिहितील. फरकाचे कारण कसे शोधले, यालाच गुण असावेत.

शहरातील शाळेला ऊस नसला तरी अडत नाही. गुंठ्याऐवजी घराचे चटईक्षेत्र, शिवाराऐवजी गच्चीवर पडणारा पाऊस आणि कारखान्याऐवजी गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा घेता येते. सगळे विषय एकदम हाती घेण्याचीही गरज नाही. एका सत्रात एक पाठ नीट झाला आणि त्याची वही पुढच्या वर्षीच्या वर्गाला दिली, तर त्या वर्गाला पहिल्या दिवसापासून तुलनेसाठी आकडे मिळतील.