आतड्यांतील कृमी : राज्याराज्यांतील प्रादुर्भावाचे प्रमाण

मातीतून संसर्ग होणारे आतड्यांतील कृमी मुख्यत्वे तीन प्रकारचे आहेत : गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी. बोलण्यात या सर्वांना ‘जंत’ म्हटले जात असले, तरी त्यांचे शरीरात शिरण्याचे मार्ग निराळे आहेत. पहिल्या दोहोंची अंडी अस्वच्छ हात, न धुतलेल्या भाज्या व दूषित पाणी यांवाटे पोटात जातात. अंकुशकृमीची अळी बहुधा अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरते. हा कृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतो आणि त्यातून रक्तक्षय उद्भवतो.

प्रमाण : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १५० कोटी लोकांना हा संसर्ग आहे. भारतात १ ते १४ वर्षे वयोगटातील सुमारे २२ कोटी मुलांना त्याचा धोका असल्याचे मानले गेले. मात्र सर्व राज्यांची स्थिती सारखी नाही. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या समन्वयाने २०१६ अखेर पूर्ण झालेल्या पाहणीत हे प्रमाण मध्य प्रदेशात १२.५ टक्के, तर तामिळनाडूत ८५ टक्के आढळले. उष्ण, ओलसर माती अंड्यांच्या वाढीस पोषक असते. उघड्यावरील शौचामुळे ती मातीत मिसळतात.

उपाययोजना : गोळी वर्षातून किती वेळा द्यावी, हे या टक्केवारीवरून ठरते. २० टक्क्यांहून अधिक प्रादुर्भाव असल्यास एकदा व ५० टक्क्यांहून अधिक असल्यास दोनदा, असा जागतिक संघटनेचा निकष आहे. १० फेब्रुवारी २०१५ रोजी महाराष्ट्र व कर्नाटकासह ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत राष्ट्रीय जंतनाशक दिनाची सुरुवात झाली. पुढे ही मोहीम देशभर विस्तारली. शाळा व अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. मात्रा ४०० मिलिग्रॅमची असून १ ते २ वर्षांच्या बालकांना अर्धी गोळी देतात.

परिणाम : छत्तीसगडमधील प्रमाण २०१६ मधील ७४.६ टक्क्यांवरून २०१८ मध्ये १३.९ टक्क्यांवर आले. आंध्र प्रदेशात मात्र २०१६ ते २०१९ या काळात ते ३६ वरून ३४.३ टक्क्यांपर्यंतच घटले.

मर्यादा : सौम्य संसर्गात लक्षणे दिसत नाहीत, त्यामुळे निरोगी भासणाऱ्या मुलालाही गोळी दिली जाते. ती पोटातील कृमींचा नाश करते. मातीतील अंडी मात्र कायम राहतात. म्हणूनच शौचालयाचा वापर, साबणाने हात धुणे आणि पायांत चप्पल यांची जोड नसल्यास काही महिन्यांत पुन्हा संसर्ग होतो.